२० अक्षरांचा शब्द आणि ८ टाळ्या: एका फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

पालकांच्या आणि शिकवणीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हापुन्हा येतो. वर इंग्रजीतला एक भलामोठा शब्द असतो आणि खाली तो सोपा करून सांगितलेला असतो. शब्द आहे अनकॅरक्टरिस्टिकली. स्पेलिंग: यू-एन, सी-एच-ए-आर-ए-सी-टी-ई-आर, आय-एस-टी-आय-सी, ए-एल-एल-वाय. मोजून २० अक्षरं.

मजकुरातले दावे थोडक्यात असे. हे इंग्रजीतलं सर्वांत लांब क्रियाविशेषण आहे. त्यात ८ स्वर आहेत म्हणून ८ सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आहेत, आणि डिक्शनरीतही ठिपके देऊन ८ तुकडेच दाखवलेले आहेत: अन-चार-ॲक-टर-इस-टी-कॅल-ली. मूळ शब्द संस्कृत ‘चरित्र’, म्हणून सी-एचचा उच्चार ‘च’ करायचा, आणि अर्थ ‘चारित्र्यहीनपणे’. आठही तुकड्यांवर सारखा जोर देऊन, ८ टाळ्या वाजवून मुलांकडून पाठ करून घ्यायचं. शेवटी एल-वाय दिसला की ते क्रियाविशेषण. आणि सगळ्यात खाली: मराठी आपण लिहितो तशीच बोलतो, इंग्रजीला मात्र ताळतंत्र नाही, म्हणून तुकडे पाडून घोकण्याला पर्याय नाही.

हे लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, पण निलंग्याच्या किंवा गेवराईच्या एखाद्या वस्तीवरच्या मुलाच्या कानावर घरी इंग्रजी पडत नाही. त्याला जे काही मिळतं ते अशा मजकुरातून आणि शाळेतल्या सरांकडून. त्यामुळेच त्यातल्या चुका सोडून देता येत नाहीत. या पद्धतीने पाठ केलेला शब्द मूल छातीठोकपणे म्हणेल आणि ऐकणाऱ्याला तो ओळखूही येणार नाही. मग दोष मुलाच्या माथी जाईल.

पहिला दावा लवकर निकालात निघतो. सर्वांत लांब क्रियाविशेषण हे नाही. मेंदूच्या विद्युत तपासणीला आपण ईईजी म्हणतो, त्या शब्दाच्या पूर्ण रूपापासून बनलेलं क्रियाविशेषण, इलेक्ट्रोएन्सेफलोग्राफिकली, २७ अक्षरांचं आहे आणि ते मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशात आहे. रोजच्या लिखाणात भेटणाऱ्या लांब शब्दांपैकी आपला शब्द एक, इतकंच म्हणता येईल.

दावा: ८ स्वर, म्हणून ८ सिलेबल, आणि मराठी मात्र लिहितो तशी बोलतो

हे दोन दावे एकत्र घ्यायला हवेत, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे आणि तो ‘अक्षर’ या आपल्या शब्दात दडला आहे. मराठीत कागदावरच्या खुणेला आपण अक्षर म्हणतो आणि तोंडातून एका झटक्यात निघणाऱ्या आवाजाच्या घासालाही अक्षर म्हणतो. देवनागरीत ही दोन्ही पुष्कळदा जुळतात, म्हणून वाटतं की ती एकच आहेत. सिलेबल म्हणजे यातलं दुसरं: तोंडातला घास. तो कानाने मोजायचा असतो, डोळ्यांनी नाही.

मराठीतही तो कागदाशी जुळतोच असं नाही. परभणी लिहा: प, र, भ, णी, चार अक्षरं. आता म्हणा: पर-भ-णी. तीन घास. उदगीर लिहिताना चार अक्षरं, पण लातूरच्या स्टँडवर कंडक्टर पुकारतो ते उद्-गीर, दोनच. बसमत चार लिहायचं, बस-मत दोन बोलायचं. तुळजापूर पाच लिहायचं, तुळ-जा-पूर तीन बोलायचं. ‘ळ’मधला अ आपण लिहितो, पण बोलताना कुणीही ‘तु-ळ-अ-जा’ असं म्हणत नाही. उलट पाहायचं असेल तर कीर्तनात बसावं. पैठणच्या एकनाथांचे किंवा गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग अक्षरं मोजून बांधलेले असतात. मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४. तिथे ‘विठ्ठल’ हा शब्द गाताना वि-ठ्ठ-ल असा तीन अक्षरांनी म्हटला जातो, शेवटच्या ‘ल’मधला अ पुरेपूर वाजतो. कीर्तन संपवून घरी जाताना त्याच तोंडातून ‘विठ्-ठल’ निघतं, दोनच घासांत. एकच शब्द, एकच लेखन, मोजणी दोन.

तेव्हा ‘मराठी लिहितो तशी बोलतो’ हे अर्धंच खरं आहे. मधला अ गिळण्याची सवय आपल्याला आहे आणि ती आपल्याला कुणी शिकवलेली नाही.

आता एक साधा शब्द घ्या: टिकली. कपाळाला लावायची. लिहिताना टि-क-ली अशी तीन अक्षरं आहेत. म्हणून पाहा: टिक्-ली. ‘क’नंतर अ वाजत नाही, ‘क’ सरळ ‘ली’ला जाऊन चिकटतो. तसंच चकली, तशीच बकरी.

अनकॅरक्टरिस्टिकली या शब्दाचं शेपूट हुबेहूब असंच आहे. स्पेलिंगमध्ये आय-सी-ए-एल-एल-वाय आहे, त्यातला ए नेहमीच्या बोलण्यात पडतो आणि उरतं ते ‘टिक्ली’. मराठी मूल कपाळाच्या टिकलीला जे म्हणतं तेच. मूल तो आवाज आधीपासून बरोबर काढत असताना आपण त्याला ‘टी-कॅल-ली’ घोकायला लावतो, तेव्हा येत असलेली गोष्ट आपणच बिघडवतो. माझा या मजकुरावरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

पुरावा हवा असेल तर लांब जायला नको. मराठी बोलताना आपण ‘बेसिकली’, ‘टेक्निकली’, ‘प्रॅक्टिकली’ हे शब्द सर्रास वापरतो. कुणी ‘बेसिकॅली’ म्हणतं का? बे-सिक्-ली म्हणतो आणि ते बरोबर असतं. कानाने शिकलेला शब्द बरोबर येतो आणि स्पेलिंगवरून तोडलेला चुकतो.

म्हणजे बोलताना सिलेबल सात: अन, कॅ, रक्, ट, रिस्, टि, क्ली. स्पेलिंगमधले स्वर आठ आहेत हे खरं (यू, ए, ए, ई, आय, आय, ए आणि स्वरासारखा वापरलेला वाय), पण त्यातला शेवटून दुसरा, म्हणजे ए, बोलण्यात गळतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सावकाश, जपून बोलणारे काही लोक तिथे किंचित अ ठेवतात, ‘टि-क-ली’ असं म्हणतात. अमेरिकी कोश तो अ कंसात दाखवतात. तसं म्हटलं तर आठ होतात. ते चूक नाही. पण त्या जागी ‘कॅल’ असा ठसठशीत ॲ कोणीच म्हणत नाही.

‘जितके स्वर तितके सिलेबल’ हा नियम एरवीही टिकत नाही. मेक या शब्दात ए आणि ई असे दोन स्वर, सिलेबल एक. क्यू, म्हणजे रांग, यात पाच अक्षरांपैकी चार स्वर, सिलेबल एक. उलट र्‍हिदम या शब्दात ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही नाही, फक्त एक वाय, तरी सिलेबल दोन. लिटल, बटन यांत दुसऱ्या सिलेबलचा भार ल किंवा न हे व्यंजनच उचलतं. कम्फर्टेबल लिहिताना चार तुकडे पडतात, बोलताना बहुधा कम्फ्-ट-बल असे तीन. चॉकलेट आपणही चॉक-लेट असं दोनातच म्हणतो. मोजायचे ते ऐकू येणारे स्वर, दिसणारे नव्हेत.

दावा: डिक्शनरीतल्या ठिपक्यांनीच ८ तुकडे दाखवले आहेत

दाखवले आहेत, पण ते ठिपके उच्चारासाठी नसतात. छापताना ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तो कुठे तोडून छोटी आडवी रेघ द्यायची, हे ते ठिपके सांगतात. ती सोय खिळे जुळवणाऱ्याची, वाचणाऱ्या मुलाची नव्हे. ओळीच्या टोकाला एकच अक्षर लोंबकळत ठेवायचं नाही असा छपाईचा दंडक असल्याने मेरियम-वेब्स्टर कोशात अबाउट या शब्दात एकही ठिपका नसतो. म्हणून तो एका सिलेबलचा झाला का? अ-बाउट, दोन आहेत.

शिवाय हे तोडणं सगळीकडे सारखंही नाही. नॉलेज हा शब्द अमेरिकी पद्धतीत के-एन-ओ-डब्ल्यू-एल असा ‘एल’पर्यंत ठेवून मग तोडतात, जुन्या ब्रिटिश पद्धतीत ‘एल’च्या आधी तोडतात, कारण तिथे शब्दाची घडण पाहतात. लंडन-न्यूयॉर्कच्या छापखान्यांचं ज्यावर जमत नाही, त्यावरून उंडणगावच्या मुलाने टाळ्या का वाजवायच्या?

उच्चार पाहायचा तर त्याच नोंदीत पुढे तिरप्या रेघांमध्ये किंवा कंसात दिलेली ध्वनिलिपी पाहावी. त्यात दोन खुणा महत्त्वाच्या. वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असेल तर तिच्या पुढच्या सिलेबलवर मुख्य जोर. खालच्या बाजूला असेल तर दुय्यम जोर. आणि उलटा ई दिसला की तो आपला ऱ्हस्व, हलका अ. एवढ्या तीन खुणा आठवीच्या मुलाला एका तासात येतात आणि जन्मभर पुरतात. ऑनलाइन कोशात शेजारी स्पीकरचं चित्र असतं, ते दाबलं की माणसाच्या आवाजात शब्द ऐकू येतो. डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

दावा: मूळ ‘चरित्र’, म्हणून सी-एच म्हणजे च

दिसायला जोडी छान जमते, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. चरित्र हा शब्द संस्कृत ‘चर्’ म्हणजे चालणे, वागणे या धातूपासून आला. कॅरेक्टर हा ग्रीक आहे. तिथलं क्रियापद कोरणे, ओरखडणे या अर्थाचं. त्यावरून नाण्यावर ठसा उमटवायचं साधन, मग तो ठसा, मग माणसाला इतरांपासून वेगळं ओळखू येण्यासारखी खूण, म्हणजे स्वभाव. छापील अक्षरालाही इंग्रजीत कॅरेक्टर म्हणतात ते याच कोरलेल्या खुणेवरून. लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो ‘एच’शिवायही लिहीत, ग्रीक मुळाची आठवण म्हणून १६व्या शतकात ‘एच’ पक्का झाला. उच्चार आधीपासून ‘क’चाच होता.

ग्रीक घराण्यातला सी-एच इंग्रजीत ‘क’ होतो. हे आपल्याला ठाऊक आहे, फक्त नियम म्हणून कुणी सांगितलेलं नाही. तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवर ‘केमिस्ट’ असतो, त्याला कुणी ‘चेमिस्ट’ म्हणत नाही. स्कूल, टेक्निकल, आर्किटेक्ट, ख्रिसमस, स्टमक, सगळ्यांत सी-एच आहे. फ्रेंचमधून उशिरा आलेल्या शब्दांत तो ‘श’ होतो: मशीन, शेफ, पॅराशूट. आणि जुन्या, घरच्या झालेल्या शब्दांत ‘च’: चेअर, चर्च, चीज. एक बिनचूक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: सी-एचच्या लगेच पुढे आर किंवा एल आला तर तो ‘क’च, जसं क्रोम, क्लोरीन. बाकी ठिकाणी शब्द शास्त्राचा, वैद्यकाचा, संगीताचा वाटला तर ‘क’ धरून चालावं आणि कोशात खात्री करावी. कारण अपवाद आहेत. आर्किटेक्टमध्ये ‘क’ आहे, पण आर्चबिशपमध्ये तेच ए-आर-सी-एच असून ‘च’ आहे, कारण तो फार जुन्या काळी इंग्रजीत रुळला.

एका खुणेचे दोन-तीन उच्चार ही इंग्रजीचीच खोड आहे असंही समजू नये. आपला ‘च’ घ्या. ‘चार’ वाजले म्हणताना जीभ टाळूला लागते, जनावराला ‘चारा’ घातला म्हणताना दातांकडे सरकते. आवाज वेगळा, अक्षर तेच. आपण कधी अडखळत नाही.

दावा: अर्थ ‘चारित्र्यहीनपणे’

ही चूक उच्चाराच्या चुकीपेक्षा वाईट आहे. मराठी बोलताना ‘त्याचं कॅरेक्टर’ म्हटलं की आपण चारित्र्यच धरतो, म्हणून घसरण झाली असावी. पण या शब्दात नीती-अनीतीचा संबंध नाही. अर्थ आहे: नेहमीच्या स्वभावाला, सवयीला सोडून. ‘ही वॉज अनकॅरक्टरिस्टिकली क्वाएट’ म्हणजे एरवी बोलून बोलून कान किटवणारा माणूस त्या दिवशी गप्प होता. मुलाने पत्रात किंवा निबंधात एखाद्या शिक्षिकेबद्दल हा शब्द ‘चारित्र्यहीनपणे’ समजून वाचला, तर साध्या वाक्यातून काय अर्थ निघेल याचा विचार करा. चांगल्या वागण्यालाही तो लागतो: कंजूष माणसाने एकदाच सढळ हाताने खर्च केला, तर ते अनकॅरक्टरिस्टिकली जेनरस.

घडण पाहिली की अर्थ आपोआप लागतो. कॅरेक्टर, स्वभावाची खूण. त्याला आय-एस-टी-आय-सी जोडलं की कॅरक्टरिस्टिक, त्या स्वभावाला साजेसं. पुढे अन लावलं की न साजेसं. शेवटी ए-एल-एल-वाय, तसं वागून. आपल्याकडे निसर्ग, नैसर्गिक, अनैसर्गिक, अनैसर्गिकपणे अशी पायरी चढते, अगदी तशीच. आणि इंग्रजीतला हा नकाराचा ‘अन’ आपल्या अनादर, अनपेक्षित यांतल्या ‘अन्’चा सख्खा नातलग आहे, दोन्ही एकाच प्राचीन मूळ भाषेतून आले. मात्र शब्दाच्या आरंभी यू-एन दिसला की नकार, असंही नाही. अंकल, अंडर, युनिट यांत नकार कुठेच नाही.

दावा: आठही तुकड्यांवर सारखा जोर

मराठीत आपण घास साधारण सारख्या वजनाने टाकतो, त्यामुळे टाळ्यांची पद्धत आपल्याला स्वाभाविक वाटते. इंग्रजीचा ठेका वेगळा आहे. एक सिलेबल वर उचलायचं, लांबवायचं. शेजारची दबकी ठेवायची. जोर हलला तर इंग्रजी कानाला शब्दच ओळखू येत नाही, मग प्रत्येक आवाज कितीही शुद्ध असो.

या शब्दात मुख्य जोर ‘रिस्’वर. दुय्यम जोर ‘कॅ’वर. ‘अन’ला थोडा भार, बाकीची चारही सिलेबलं, रक्, ट, टि, क्ली, हलकी आणि आखूड. म्हणून सात टाळ्याही नकोत. बाकावर दोनच थापा मारायच्या: कॅ आणि रिस्. उरलेलं त्या थापांच्या मधून पळवायचं.

‘रिस्’वरच का, यामागे उत्तम नियम आहे. आय-सी हा प्रत्यय लागला की जोर त्याच्या बरोबर आधीच्या सिलेबलवर येऊन बसतो. कॅरेक्टर म्हणताना जोर पहिल्या ‘कॅ’वर असतो, कॅरक्टरिस्टिक झालं की तो उचलून ‘रिस्’वर जातो आणि ‘कॅ’कडे दुय्यम वाटा राहतो. ॲटम म्हणताना ‘ॲ’, अटॉमिक म्हणताना ‘टॉ’. ड्रामामध्ये ‘ड्रा’, ड्रमॅटिकमध्ये ‘मॅ’. फोटोग्राफमध्ये ‘फो’, फोटोग्रॅफिकमध्ये ‘ग्रॅ’. आपला इक प्रत्ययही शांत बसत नाही: समाजचं सामाजिक होतं, इतिहासचं ऐतिहासिक. तो पहिला स्वर वाढवतो, इंग्रजी आय-सी जोर ओढून आणतो. काही शब्द या नियमाला दाद देत नाहीत. ॲरबिक, कॅथलिक, पॉलिटिक्स, लुनटिक यांत जोर पहिल्यावरच राहतो. हे मोजके आहेत, ते वेगळे पाठ करावेत. मागे ली लागल्याने किंवा पुढे अन लागल्याने मुख्य जोर हलत नाही, म्हणून कॅरक्टरिस्टिकची जागा कळली की पूर्ण शब्दाची कळलीच.

जोर नसलेल्या जागी स्वरही आपला रंग सोडतो. मजकुरातल्या ‘ॲक’ या तुकड्यात म्हणून चूक आहे. तिथे ए लिहिलेला असला तरी तो हलका अ होतो: ‘रॅक्’ किंवा ‘रेक्’ नाही, ‘रक्’. आपल्या ‘सरबत’मधल्या अ सारखा. इथे मराठी तोंडाला काहीच नवीन शिकावं लागत नाही.

एक स्पष्ट सांगतो. मराठी बोलताना ‘कॅरेक्टर’, ‘इस्टँड’, ‘ठेसन’ म्हणण्यात काही कमीपणा नाही. ते शब्द आता मराठीचे आहेत आणि मराठीच्या चालीने चालतात. हा सगळा खटाटोप इंग्रजी बोलताना करायचा आहे.

दावा: शेवटी एल-वाय म्हणजे क्रियाविशेषण

फ्रेंडली, लव्हली, लोनली, कॉवर्डली ही विशेषणं आहेत. फॅमिली, असेंब्ली ही नामं. रिप्लाय, सप्लाय यांत तर एल-वायचा उच्चारही ‘ली’ नाही. उलट फास्ट, वेल, सून, ऑफन यांना ली नाही आणि ती क्रियाविशेषणं आहेत. हार्ड आणि हार्डली हे तर जवळजवळ उलट अर्थाचे: ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे तो राबला, ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने कामाला जेमतेम हात लावला. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

उपयोगी पडणारी कसोटी अशी: ली काढल्यावर विशेषण उरलं तर सबंध शब्द बहुधा क्रियाविशेषण (स्लो, स्लोली), नाम उरलं तर बहुधा विशेषण (फ्रेंड, फ्रेंडली). आपल्या शब्दात मात्र नुसता ली काढून चालत नाही. जे उरतं, कॅरक्टरिस्टिकल, ते आजच्या इंग्रजीत कोणी वापरत नाही. आय-सीने संपणाऱ्या विशेषणाला नुसता एल-वाय न लावता ए-एल-एल-वाय लावायचा असा रिवाज आहे: ऑटोमॅटिकली, सायंटिफिकली. नेहमीच्या वापरातला ठळक अपवाद पब्लिकली, त्याला फक्त एल-वाय. उच्चार सगळ्यांचा ‘क्ली’च, त्यामुळे ऐकून स्पेलिंग लिहिणारी मुलं ए-एल गाळतात आणि पब्लिकलीमध्ये नको तिथे घालतात.

दोन एल आहेत म्हणून ‘गल्ली’, ‘दिल्ली’सारखा दाबून ‘ल्ली’ म्हणायचा नाही. मराठीत एकाच व्यंजनाचं असं जोडाक्षर दुप्पट वाजतं, इंग्रजी शब्दाच्या पोटात ते बहुधा एकदाच वाजतं.

आता घोकण्याऐवजी काय करायचं

शब्द शेवटाकडून बांधायचा. पुढून सुरुवात केली की मूल अर्ध्यात दमतं आणि शेपूट चुरगळतं. मागून आलं की प्रत्येक पायरी ओळखीच्या जागी येऊन संपते. प्रत्येक पायरी पाच वेळा, स्पेलिंग झाकून.

पहिली पायरी: टिकली. कपाळाचीच, तशीच म्हणायची.

दुसरी: रिस्टिकली. ‘रिस्’वर बाकावर थाप. इथे एक गोष्ट बिघडते: मूल ‘रि’वर थांबलं तर पुढे ‘स्टि’ उरतो, आणि शब्दारंभी स्ट आला की आपल्याकडे तोंडात आपोआप ‘इ’ येतो, स्टँडचा इस्टँड होतो तसा. मग ‘रि-इस्टिकली’ ऐकू येतं. म्हणून ‘स्’ आधीच्या घासाला बांधायचा: रिस्, मग टि.

तिसरी: टरिस्टिकली. ‘ट’ अगदी आखूड. ‘टेरि’ किंवा ‘टर्रि’ झालं तर एक पायरी खाली यावं.

चौथी: रक्टरिस्टिकली. ‘क्ट’मध्ये क फोडायचा नाही, नुसता अडवायचा आणि ट सोडायचा, ‘रक्त’ म्हणताना क अडतो तसा. ‘रकटरि’ झालं की एक सिलेबल वाढलं.

पाचवी: कॅरक्टरिस्टिकली. आता दुसरी थाप, ‘कॅ’वर. जबडा खाली सोडून, तोंड उघडून एकच स्वर. जबडा पुरता उघडला नाही की त्यात य शिरतो आणि ‘क्यारक्टर’ होतं. बॅट म्हणताना ‘ब्याट’ होणाऱ्या मुलाला आधी ॲ, ॲ, ॲ असं तीनदा म्हणायला लावावं.

सहावी: पुढे अन. घाईत म्हटलं की न् हा क्‌पाशी येऊन ‘अंक’मधल्या अनुस्वारासारखा होतो. होऊ द्यावा, इंग्रज माणसाचाही होतो.

सातवी: लगेच वाक्यात. ‘शी वॉज अनकॅरक्टरिस्टिकली लेट.’ वेळेवर येणारी ती, आज उशिरा आली. वाक्यात ‘लेट’लाही थाप मिळते, म्हणून तीन थापा: कॅ, रिस्, लेट.

स्पेलिंग यानंतर दाखवायचं, आणि तेही घडणीप्रमाणे चार भागांत: अन, कॅरेक्टर, आय-एस-टी-आय-सी, ए-एल-एल-वाय. २० अक्षरं एकामागून एक घोकण्यापेक्षा हे चार भाग टिकतात, कारण प्रत्येकाला अर्थ आहे.

हीच शिडी इतर शब्दांना लागते. सायंटिफिकली: फिकली, टिफिकली, सायन्टिफिकली, थाप ‘टि’वर, आय-सीच्या बरोबर आधी. आणि ईईजीवाल्या २७ अक्षरी शब्दातही स्वर ११ दिसतात, पण शेवटी तोच ए गळतो, म्हणून ऐकू येणारी सिलेबलं १०: इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-लो-ग्रॅ-फि-क्ली. सुरुवात ‘फिकली’पासून करायची आणि मुख्य थाप ‘ग्रॅ’वर द्यायची.